लांडग्यामुळे काळवीट घटतात का?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट कमी दिसले की पहिलं बोट लांडग्याकडे जातं. तो पाडसं मारतो, हे खरंच. मादी साधारण सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पाडस देते, सुरुवातीचे दिवस ते गवतात दडून असतं आणि तेव्हाच सापडतं.

पण कळप घटला हे ठरवायचं कसं? दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वाटेने, उजाडताच मोजायचं. नर, माद्या, पाडसं वेगवेगळी लिहायची. माद्यांच्या मानाने पाडसं कमी भरली तर शिकारीचा संशय घ्यावा, तोही आधी भटक्या कुत्र्यांचा. दुष्काळही तेच करतो. मेलेलं जनावर दिसलं तर हात न लावता वनरक्षकाला बोलवा. त्यांच्या तपासणीत गळ्याजवळ कातडीखाली रक्त साकळलेलं निघालं तर चावा जिवंतपणी बसला. नसेल तर बहुधा मेल्यावर खाल्लंय. ठशांवर विसंबू नका, मोठ्या कुत्र्याचा ठसा लांडग्यासारखाच उमटतो.

शिवाय इथला लांडगा बराचसा शेळ्या-मेंढ्यांवर जगतो. माळ नांगरून ऊस लावला की काळवीट दुसरीकडे सरकतं, आणि मोजणीत ते मेल्यासारखं दिसतं. आमच्या मते खरा घाव तिथेच आहे. लांडगा आणि काळवीट, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. गवताळ माळ मात्र अजूनही पडीक जमीनच समजला जातो.