एक कॅप्सूल, दोन वाटे

सिकलसेल हा लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा, आईवडिलांकडून येणारा आजार. त्याच्या रुग्णांवर नाशिकमध्ये जो अभ्यास चालू आहे, त्यात मी समन्वयक आहे. रुग्णांना समजावून संमती घ्यायची, ठरलेल्या तारखांना बोलवायचं, रक्ताच्या नळ्यांवर कोड घालायचे, रिपोर्ट तक्त्यात भरायचे आणि कुणी आलं नाही तर फोन करत राहायचं, हे माझं काम. रुग्ण बहुतेक सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या बाजूचे. पाऊस संपला की त्यांतली निम्मी घरं बंद असतात. माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरलेली असतात.

अभ्यासात दोन गट आहेत. एका गटाला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे, दुसऱ्याला फक्त फॉलिक ॲसिडची गोळी. कुणाला औषध द्यायचं हे आम्ही ठरवत नाही. ते उपचार करणारे डॉक्टर ठरवतात आणि आम्ही दोन्हीकडची रक्तं तपासत जातो. डॉक्टरांचा निकष असा, की वर्षभरात तीन किंवा जास्त वेळा दवाखान्यात यावं लागेल इतकं दुखणं उठलं असेल तर औषध सुरू करायचं. निकषामागे आधार आहे. अमेरिकेत 299 प्रौढ रुग्णांवर जी मोठी चाचणी झाली आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात वर्षाला किमान तीनदा दुखणं उठणारे रुग्णच घेतले होते. औषध घेणाऱ्यांत ते दुखणं जवळपास निम्म्यावर आलं.

हे औषध अंगी लागतंय का, ते रक्तात दोन ठिकाणी दिसतं. एक म्हणजे एचबीएफ, आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन. मोठ्या माणसात ते एक टक्क्याच्याही खाली असतं, पण आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत ते मुळातच बरंच जास्त सापडतं, आणि औषधाने आणखी वाढतं. ते जितकं जास्त, तितक्या पेशी विळ्यासारख्या वाकायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे एमसीव्ही, लाल पेशीचं सरासरी आकारमान. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्याच्या पेशी मोठ्या होत जातात. त्यामुळे माणूस औषध घेतोय की नाही, हे एमसीव्हीवरून बऱ्यापैकी कळतं. तोंडाने काहीही सांगितलं तरी पेशी सांगतातच.

पुण्याचे आमचे स्टॅटिस्टिशियन दर तिमाहीला आलेख काढून पाठवतात. त्यांच्याकडे नावं जात नाहीत, फक्त कोड जातात. डिसेंबरात त्यांचा फोन आला. “ताई, दोन रेघा बघा. एक औषधाच्या गटातली, एक बिनऔषधाच्या. दोन्ही एकमेकींच्या बरोबरीने चालल्यात. नळ्यांची अदलाबदल झालीय का बघा, नाहीतर दोन्ही काढून टाकू.”

मी एमसीव्हीचा आलेख उघडला. औषधाच्या गटातल्या बाकीच्या रेघा ऐंशी-पंच्याऐंशीवरून शंभराच्या आसपास गेलेल्या. बिनऔषधाच्या गटातल्या जिथल्या तिथे. आणि या दोन मधोमध, नव्वदीत, एकमेकींना चिकटून वर चढलेल्या. एचबीएफचंही तसंच, दोघांचं थोडं थोडं वाढलेलं.

कोडवरून नावं माझ्या कपाटातल्या कुलूपबंद फाइलमध्ये सापडतात. फाइल काढली तर दोघं सख्खे बहीणभाऊ. भाऊ विशीतला, औषधाच्या गटात. बहीण नुकती अठरा पूर्ण झालेली, दुसऱ्या गटात.

अदलाबदलीची शंका तिथेच मिटली. नळ्या बदलल्या असत्या तर एक रेघ खूप वर गेली असती आणि एक खाली राहिली असती. दोन्ही मधोमध आल्या नसत्या. पण बाकीची कारणं तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त मशिनवर लावायला उशीर झाला तर पेशी फुगतात आणि एमसीव्ही खोटाच वाढलेला दिसतो. म्हणून रक्त काढल्याची आणि मशिनवर लावल्याची वेळ रजिस्टरमध्ये ताडून पाहिली. दोघांचीही त्याच दिवशी झालेली. बी-12 कमी असलं तरी पेशी मोठ्या होतात, आणि आपल्याकडे ते कमी असणं नवलाचं नाही. लॅबमध्ये मुलीचं राखून ठेवलेलं सीरम होतं, त्यावर बी-12 करून घेतलं. ते व्यवस्थित निघालं. शिवाय बी-12 च्या कमतरतेने एचबीएफ असा महिन्यामहिन्याने चढत गेला नसता.

भावाने औषध अर्धवट घेतलंय म्हणावं, तर त्याचा हिशोब चोख. प्रत्येक भेटीला आम्ही रिकाम्या स्ट्रिप मागून घेतो आणि मोजतो. त्याची एकही कॅप्सूल कधी शिल्लक राहिलेली नव्हती.

मुख्य डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून पाहिले आणि एवढंच म्हणाले, “आधी मुलीचा सीबीसी करा. बाकीचं नंतर.” सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. ती आधी, कारण हे औषध साधं नाही. मूळचं ते कर्करोगाच्या औषधांतलं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली येऊ शकतात, म्हणून सुरुवातीला दर चार आठवड्यांनी रक्त तपासायचं असतं. बिनऔषधाच्या गटाचं रक्त आम्ही तीन महिन्यांनी घेतो. ही मुलगी खरंच ते घेत असेल तर मधल्या महिन्यांत तिच्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं.

फोन लागेना. शेवटी मुकादमाचा नंबर मिळाला. कुटुंब पिंपळगाव बसवंतच्या पुढे एका बागेवर होतं. बर्फाचा डबा, नळ्या, सुया घेऊन सकाळीच निघालो. निफाडची थंडी ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. ओझर सोडलं तरी काचेवरचं दव हटत नव्हतं.

मुकादमाला आजाराचं नाव सांगायचं नसतं. दवाखान्यातून आलोय, रिपोर्ट द्यायचाय, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, “बाया डिपिंगला आहेत.” घड फुगावेत म्हणून जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात एकेक घड बुडवतात, ते डिपिंग. हातात प्लॅस्टिकचा मग, मगात औषधाचं पाणी, आणि मांडवाखाली मान वर करून घडामागून घड बुडवत जायचं. डिसेंबरच्या सकाळी, कोपरापर्यंत ओलं होऊन. थंडी आणि गार पाणी हे सिकलसेलच्या दुखण्याला आमंत्रणच. भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो, थंडीत भिजू नका, पाणी भरपूर प्या. ती मुलगी मांडवाखाली उभी होती, दोन्ही बाह्या ओल्या, बोटं पांढरी पडलेली.

बागेच्या कडेला त्यांचं पाल होतं. आई मला आत घेऊन बसली. मी विचारपूस करत राहिले, कॅप्सूल कुठे ठेवता, कधी देता. तिने पत्र्याच्या डब्यातून स्ट्रिप काढली. मग विचारलं, “मावशी, देता कशी ते दाखवता का?”

तिने लपवलं नाही. उलट नीट करून दाखवलं. बिस्किटाच्या पुड्याचा कागद मांडीवर पसरला. कॅप्सूल दोन्ही बोटांनी पिळून उघडली, पांढरी पूड कागदावर पाडली, टोपणं झटकली. चमच्याच्या दांड्याने पुडीच्या मधोमध रेघ मारली. मग दोन्ही ढिगांकडे बघत एका बाजूची चिमूटभर पूड दुसरीकडे सरकवली. दोन गुळाचे खडे घेतले, दोन्हींवर एकेक वाटा दाबून बसवला. एक खडा तिच्या ताटलीत, एक त्याच्या. रोज संध्याकाळी असंच. स्ट्रिप रिकामी, हिशोब चोख.

“दोघांना दुखणं एकच आहे ना मॅडम,” ती म्हणाली. “एकाला औषध आणि एकीला नाही, असं मी कसं करू?”

मी म्हटलं, “पण हिला फार दुखत नाही, असं कागदावर आहे. वर्षात एकदाही ॲडमिट नाही.”

“नेली कुठं तिला? ह्याला नेला. हा मोठ्यानं ओरडतो, आजूबाजूचे जमतात, कोणाची तरी गाडी मिळते. ती पांघरूण घेऊन पडून राहते. आश्रमशाळेत होती तेव्हाही पडूनच राहायची. घरी आणलं की मी पाय चेपायची, शेक द्यायची. दोन्ही पोरांना एकदम नाशकाला न्यायचं म्हणजे उचल फिटायची कधी?”

मुलगी दारात येऊन उभी होती. तिला विचारलं, दुखणं कितीदा उठतं? ती आईकडे बघत म्हणाली, “महिन्यातनं एकदा तरी. आता कमी झालंय. गूळ खायला लागल्यापासून.”

वर्षाला तीनदा, हा आमचा निकष. तिचं दुखणं त्याच्या कितीतरी पुढे होतं, फक्त ते दवाखान्याच्या रजिस्टरपर्यंत पोहोचलं नव्हतं. औषधाच्या गटात भाऊ गेला तो जास्त आजारी होता म्हणून, असं आमचा तक्ता सांगत होता. खरं तर त्याच्या वाट्याला गाडी आली होती. रक्त काढण्याच्या कितीतरी आधी, घरातून कुणाला उचलून न्यायचं हे ठरतं तेव्हाच, गट पडून गेले होते. आणि मग आम्ही त्या दोन गटांच्या एमसीव्हीची दशांशापर्यंत तुलना करत बसतो. मला याचा मनस्वी राग आला, अजूनही येतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या 232 रुग्णांनी रोजच्या रोज वहीत दुखण्याची नोंद ठेवली होती. तो अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त दिवस त्यांना दुखत होतं आणि त्यातलं बहुतेक दुखणं त्यांनी घरीच सोसलं होतं. हे सगळं छापून आलेलं आहे. तरी आपण दुखणं मोजायला दवाखान्याचंच रजिस्टर उघडतो.

मावशीवर रागावण्यासारखं काहीच नव्हतं, पण सांगण्यासारखं खूप होतं. ही कॅप्सूल उघडायची नसते. पूड अंगाला लागू द्यायची नसते, श्वासावाटे आत जाऊ द्यायची नसते. ती रोज उघड्या हातांनी ती पूड वाटत होती, तिथेच मांडीजवळ तिचं धाकटं बाळ खेळत होतं. मी साबणाने हात धुवायला लावले, कागद पिशवीत घालून बरोबर घेतला. मग दोघांचं रक्त काढलं. थंडीने मुलीची शीर सापडेना. गरम पाण्यात हात बुडवून ठेवला तेव्हा कुठे सापडली.

रिपोर्ट दुपारी आले. मुलीचे न्यूट्रोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि प्लेटलेट दोन्ही ठीक होते. कॅलक्युलेटर काढून बघितलं तर भावाला जेमतेम बारा मिलिग्रॅम किलोमागे लिहून दिलं होतं, म्हणजे दोघांना सहाच्या आसपास मिळत होतं. नागपूरला मुलांवर झालेल्या अभ्यासात किलोमागे दहा मिलिग्रॅम या कमी डोसनेही चांगला फरक पडलेला आहे. सहाने थोडा पडला असावा, एवढंच दोन्ही रेघा सांगत होत्या. मावशीचा वाटा मात्र इतका सारखा होता की आलेखात बहीणभावाला वेगळं करता येत नव्हतं.

पुण्याच्या सरांना मी रेघा काढून टाकू नका असं कळवलं. घडलं ते नियमभंग म्हणून एथिक्स कमिटीला लेखी गेलं, तारखांसकट. मुलीला डॉक्टरांनी बोलावून सविस्तर विचारलं, तपासलं आणि तिच्या नावावर स्वतंत्र औषध सुरू केलं, दर चार आठवड्यांच्या रक्ततपासणीसह. तुलनेच्या गटातून तिचं नाव त्या तारखेपासून निघालं. भावाचा पूर्ण डोस पुन्हा सुरू झाला. सरांना हे पटायला वेळ लागला, कारण एकाच रुग्णाची माहिती अर्धी वापरायची आणि अर्धी बाजूला ठेवायची हे हिशोबाला अवघड जातं. पण कारण कळल्यावर त्यांनीच सुचवलं, की दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला घरी सोसलेल्या दुखण्याबद्दल विचारा, नाहीतर आपली तुलनाच लटकी पडेल.

तसं एक कॅलेंडर आम्ही तयार केलं. कमिटीची मंजुरी घेऊन ते प्रत्येक घरी दिलं. वाचता न येणाऱ्यांसाठी दुखलं त्या दिवसावर टिकली लावायची. कामावर गेला पण दुखत होतं, त्याला वेगळ्या रंगाची टिकली. बिनऔषधाच्या गटातून पहिली कॅलेंडरं परत आली तेव्हा मी ती टेबलावर पसरली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. सौम्य आजार म्हणून नोंद झालेल्या बायकांच्या महिन्यांवर टिकल्यांना जागा उरली नव्हती. पुरुषांच्याही काही होत्या, पण बायकांच्या जास्त. आता डॉक्टर औषध ठरवताना हे कॅलेंडर आधी बघतात.

मुलीच्या बाबतीत मात्र अजून एक काम बाकी आहे. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालंय. मूल होऊ द्यायचं ठरेल तेव्हा हे औषध डॉक्टरांना विचारून आधीच थांबवावं लागतं, आणि तोवर गर्भ राहणार नाही याची काळजी घ्यावी लागते. ते मी तिच्याशी एकटीशी बोलले, समजलं तिला. मुलाचं रक्त लग्नाआधी तपासायला हवं, हे मात्र आईला पटवून द्यायचं होतं. मुलगा वाहक निघाला, म्हणजे स्वतः आजारी नसून त्याच्यात आजाराचा एक जनुक असला, तर प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता आजारी बाळाची. आईने विचारलं, “पण मुलाकडच्यांना असं सांगायचं कोणी? बोलणंच मोडेल.” आशाताईंना बरोबर घेऊन जायचं ठरवलंय. पाड्यावरच्या सगळ्याच तरुणांची सिकलसेलची चाचणी एकदम करू, म्हणजे एकट्या त्या मुलाकडे बोट जाणार नाही. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी होकार दिलाय. छाटणीचं काम आटोपून माणसं पाड्यावर परतली की तारीख घेऊ.