तुम्ही विचारलंत म्हणून : नसांसाठी मी स्वतः काय घेते

"ताई, तुम्ही स्वतः काय घेता?" हा प्रश्न दुकानात आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. त्याआधी मोबाइल पुढे केला जातो. त्यावर कुणीतरी पाठवलेलं चित्र असतं, चरबीने बुजलेली धमनी आणि शेजारी एक डबा. "हे घेऊ की ओमेगा घेऊ? नसा मोकळ्या होतात म्हणे." मग आवाज खाली आणून वरचा प्रश्न. कराडला आमचं मेडिकल आहे आणि सव्वीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. गर्दीत दोन वाक्यांत दिलेलं उत्तर अपुरं राहतं, आणि ते मला रात्री घरी गेल्यावर टोचत राहतं. म्हणून आज सविस्तर सांगते.

आधी दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची गोष्ट. २००९ साली त्यांच्या हृदयाची झडप बदलली, कृत्रिम बसवली. तेव्हापासून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभराची. त्यांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. त्यात तारीख, आयएनआरचा आकडा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) आणि गोळी किती, असे तीन रकाने, पट्टीने आखलेले. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. एका पावसाळ्यात २.९, २.७, ३.० अशा ओळींखाली एकदम १.४ आला. मी गोळ्यांची पाकिटं मोजली, एकही गोळी चुकली नव्हती. पालेभाजी नेहमीइतकीच होती. तिसऱ्या दिवशी आईने देव्हाऱ्याखालचा खण उघडला आणि एक पांढरा डबा माझ्या हातात दिला. परदेशातल्या भाच्याने दिलेला, "धमन्यांत कॅल्शियम साचू नये म्हणून". मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : व्हिटॅमिन के टू, १८० मायक्रोग्रॅम.

दादांची गोळी शरीरात के जीवनसत्त्वाचाच, पालेभाजीत असतं त्याचाच, रस्ता अडवते, म्हणून रक्त लवकर गोठत नाही. आणि दादा रोज सकाळी चहाबरोबर तेच जीवनसत्त्व वरून घालत होते. आठवडाभर पोटात रक्त पातळ करणारी इंजेक्शनं घ्यावी लागली. झडपेवर गुठळी झाली नाही, एवढं आमचं नशीब. मुलगी औषधांच्या दुकानात असूनही ते मला बोलले नव्हते. "अगं, ते औषध कुठं होतं? व्हिटॅमिन होतं." हे वाक्य मी अजून विसरले नाही. म्हणूनच कुणी डबा मागितला की मी किंमत सांगण्याआधी बाकी काय चालू आहे ते विचारते. काहींना राग येतो. येऊ दे.

के टूमागचा विचार खोटा नाही. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचू न देणारं एक प्रथिन आपल्या शरीरात असतं आणि त्याला काम करायला हे जीवनसत्त्व लागतं. पण २०२२ साली डेन्मार्कमधल्या ३६५ पुरुषांच्या चाचणीचा निकाल आला. ड जीवनसत्त्वाबरोबर रोज ७२० मायक्रोग्रॅम के टू दोन वर्षं घेऊनही हृदयाच्या झडपेवर कॅल्शियम साचायचं मंदावलं नाही. हे इतकं घेऊन, तर दादांच्या डब्यात त्याचा पाव हिस्सा होता.

नॅटोकायनेजचंही तसंच. जपानी लोक आंबवलेलं सोयाबीन खातात, त्याला नॅटो म्हणतात. त्याच्या चिकट तारेतलं नॅटोकायनेज हे विकर (एन्झाइम) रक्ताची गुठळी विरघळवतं, हे जपानी संशोधक हिरोयुकी सुमी यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते खरोखर विरघळवतं. पण २६५ माणसांना सरासरी तीन वर्षं देऊन मानेच्या धमनीच्या भिंतीची जाडी मोजली तेव्हा औषध नसलेल्या रिकाम्या गोळीत आणि त्यात फरक पडला नाही. ज्यांना स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त गोठू न देणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्यावर हे चढवलेलं मला चालत नाही. हिरडीतून, नाकातून रक्त यायला लागतं.

आता ओमेगा थ्री, कारण सगळ्यात जास्त विचारलं जातं तेच. डबा उलटा करा. पुढे १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते माशाच्या तेलाचं वजन. मागे ईपीए १८० आणि डीएचए १२० असं सापडेल, तेच त्यातले दोन ओमेगा थ्री. म्हणजे कामाचं फक्त ३००, बाकी नुसतं तेल. २०१८ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत सुमारे २६,००० निरोगी माणसांना पाच वर्षं रोज एक ग्रॅम ओमेगा दिलं. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू असं सगळं मिळून नाव घेण्यासारखी घट झाली नाही. दुसरीत शुद्ध केलेलं ईपीए रोज चार ग्रॅम दिलं, तेही ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्या आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, चालू असलेल्या लोकांना. तिथे हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटना पंचवीस टक्क्यांनी घटल्या. बातमी झाली ती या दुसरीची, आणि खपला तो साधा डबा. दोन वर्षांनी ईपीए-डीएचए दोन्ही असलेल्या चार ग्रॅमच्या चाचणीत फायदा दिसला नाही, ती मध्येच थांबवली. शिवाय एवढ्या मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड बघून लिहून दिलं असेल तर अवश्य घ्या. नुसतं चित्र बघून घेऊ नका.

गोळी आणि असे डबे यांची समोरासमोर तुलनाही झालेली आहे. अमेरिकेत १९० माणसांचे गट पाडले. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन ही स्टॅटिन, तीही फक्त पाच मिलिग्रॅम, एकाला रिकामी गोळी, आणि बाकीच्यांना माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतींतले स्टेरॉल आणि लाल यीस्टचा (बुरशी वाढवून आंबवलेला) तांदूळ. अठ्ठावीस दिवसांत स्टॅटिन गटाचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जवळजवळ ३८ टक्के उतरलं. त्या सहांपैकी एकानेही रिकाम्या गोळीपेक्षा ते जास्त उतरवलं नाही, लसणाच्या गोळीने तर थोडं वाढवलं. चाचणीला पैसा स्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि महिना फार थोडा काळ आहे, हेही सांगायला हवं. तरी फरक इतका मोठा आहे की मी तो दुर्लक्षित करू शकत नाही.

या लाल यीस्टच्या तांदळाविषयी थोडं जास्त सांगते, कारण "आम्हाला ॲलोपथीची स्टॅटिन नको, हे नैसर्गिक द्या" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यातला मोनाकोलिन के हा घटक म्हणजेच लोव्हास्टॅटिन, एक स्टॅटिनच. जपानचे संशोधक अकिरा एंदो यांनी १९७०च्या दशकात बुरशींमधूनच स्टॅटिन शोधली. रेणू तोच आहे, फक्त कुठल्या कॅप्सूलमध्ये किती आहे ते कुणाला ठाऊक नसतं. आणि बुरशी नीट वाढवली नाही तर सिट्रिनिन नावाचं मूत्रपिंडाला घातक विषही त्यात उतरतं. तीच गोष्ट मोजूनमापून गोळीत मिळत असताना न मोजलेली का घ्यायची?

एल-आर्जिनिनची (प्रथिनांतला एक घटक) पावडर व्यायामशाळेतली मुलं आपल्या वडिलांसाठी घेऊन जातात, "नसा फुगतात" म्हणून. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी तिला हात लावू नये. २००६ साली अशा १५३ रुग्णांच्या चाचणीत ती घेणाऱ्यांतले सहा जण दगावले, रिकामी पावडर घेणाऱ्यांत एकही नाही. चाचणी थांबवली. गरोदरपणात डॉक्टर ज्या पुड्या लिहितात त्यातही हेच असतं, पण ते प्रकरण वेगळं. त्या बंद करू नका.

अर्जुनसालीचा काढा माझी आजी दुधात उकळून घ्यायची आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण रक्तदाबाची गोळी बंद करून कुणी साल मागितली तर मी देत नाही.

आणि पायावरच्या निळ्या, पिळवटलेल्या शिरा हा निराळाच विषय. ते धमन्यांचं दुखणं नव्हे. तिथे घट्ट पायमोजे आणि डॉक्टरांनी दिली तर डायोस्मिनची गोळी. ओमेगाने त्या शिरा बसत नाहीत. एसटीच्या कंडक्टरताई, पोळी-भाजी केंद्रावरच्या मावशी यांना मी हे वारंवार सांगते.

मग काम कशाने होतं? माझ्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एकाने : इसबगोल. बद्धकोष्ठाशी नातं जोडून आपण त्याला खाली बसवलंय. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास, पेलाभर पाण्यात. ते आतड्यात पित्तरसाला धरून बाहेर नेतं, आणि नवा पित्तरस बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. एलडीएल पाच ते दहा टक्के उतरतं. थोडंच, पण खरं. फक्त बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. दुसरं बीट. लंडनमध्ये रक्तदाब वाढलेल्या ६४ जणांच्या चाचणीत रोज पाव लिटर बिटाचा रस चार आठवडे घेणाऱ्यांचा रक्तदाबाचा वरचा आकडा आठेक अंकांनी उतरला. बिटातला नायट्रेट आपल्या जिभेवरचे जिवाणू बदलतात आणि त्यातून नसा सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड बनतो. रोज जंतुनाशक माउथवॉशने खळाळून चुळा भरल्या तर हे जिवाणूच मरतात. पालकातही नायट्रेट भरपूर आहे, पण मुतखडा असेल त्यांनी दोन्ही बेतानेच घ्यावं.

मी स्वतः बी-१२ घेते, कारण तपासणीत ते कमी निघालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ पुरुष तपासले तेव्हा ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. आपल्या शाकाहारी घरांत हे घरोघरी आहे. पण रक्तवाहिन्यांसाठी म्हणून मी ते घेत नाही. बी जीवनसत्त्वांनी रक्तातलं होमोसिस्टीन (हृदयविकाराशी जोडला जाणारा एक घटक) उतरतं, हार्ट अटॅक त्या मानाने उतरत नाहीत, हे मोठ्या चाचण्यांनी दाखवलंय. मला ते लागतं हातापायाच्या मुंग्यांसाठी आणि रक्तासाठी. त्याशिवाय रात्री इसबगोल, सकाळी रक्तदाबाची पाच मिलिग्रॅमची गोळी. बस्स. महिन्याचा खर्च ओमेगाच्या एका डब्यापेक्षा कमी.

दादा आता ब्याऐंशीचे आहेत. निळी वही भरली, दुसरी सुरू झाली. तिला चार रकाने आहेत. चौथ्यावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'इतर काही'. परवा बघितलं तर त्यात होतं : "मेथी, दोन दिवस लागोपाठ. मुलीला सांगितले."