एकटीच चाललीये, हो, एकटीच

शनिवार, रात्र. बॅग पलंगावर उघडी पडलीये, आत फक्त एक टॉवेल, आणि मी इथे लिहीत बसलीये, म्हणजे तयारी किती जोरात आहे ते कळलंच.

व्हिएतनाम ठरलं ते लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे म्हणून नाही, व्हिसा सोपा म्हणून. युरोपसाठी बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसचं एनओसी, वर मुंबईला जाऊन बोटांचे ठसे, ऐकूनच दमले. इकडे घरबसल्या ई-व्हिसा, सिंगल एंट्रीचे 25 डॉलर, आणि 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. फक्त साइट सरकारीच आहे ना ते बघायचं, सेम दिसणाऱ्या आणि जास्त पैसे उकळणाऱ्या बऱ्याच आहेत. फॉर्म भरताना मात्र घाम फुटला, कारण पासपोर्टवर माझं आणि बाबांचं नाव दोन्ही गिव्हन नेममध्ये, मग व्हिसावर पण तस्संच पाहिजे, किती वेळा ताडून पाहिलं देव जाणे.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, कुणाबरोबर? एकटी म्हटलं की पुढचा, म्हणजे ग्रुप टूर ना? नाही हो काकू. मग त्या आईकडे बघतात.

आईला आधी अजिबात पटत नव्हतं, पण मी तिला तिकडच्या 'मी सन' नावाच्या जागेबद्दल सांगितलं. होई आनपासून 40 किलोमीटरवर चंपा नावाच्या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली विटांची देवळं, बरीचशी शंकराची, चौथ्या शतकापासूनची. अमेरिकेच्या बाँबहल्ल्यात 1969 मध्ये त्यातली बरीच पडली, आणि दुरुस्तीचं काम करायला आपलं पुरातत्त्व खातं तिथे गेलं होतं, 2020 मध्ये त्यांना तिथे अख्ख्या दगडाचं शिवलिंग सापडलं. आई लगेच म्हणाली, मग असं सांग ना की देवदर्शनाला चाललीयेस! आता सगळ्या नातेवाइकांना हेच सांगितलं गेलंय आणि मावशीने पिंडीपुढे ठेवायला शंभर रुपये पण दिलेत. तिथे गुरुजी बिरुजी कोणी नसतात हे तिला सांगायची माझी हिंमत नाही.

खाण्याचं म्हणजे, मी अंड्यापर्यंतच, आणि तिकडे नुसत्या भाजीत पण फिश सॉस असतो. शाकाहारीला 'चाय' म्हणतात, तशी पाटी शोधायची. तरी मेतकूट, थेपले, शेंगदाण्याची चटणी काढून ठेवलंय. आईने खोबऱ्याच्या वाट्या पण दिल्या होत्या, त्या परत डब्यात गेल्या, सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत कारण तेलामुळे पेट घेतं म्हणे. ती अजून फुगलीये. पॉवर बँकचं उलट, ती चेक-इनमध्ये अजिबात टाकायची नाही, केबिन बॅगेतच.

चोरीची, रस्ता चुकायची भीती मला फारशी वाटत नाही, टॅक्सी बोलवायला ग्रॅब ॲप आहे, मॅप आहे. मला वेगळंच वाटतं. एअरपोर्टवर बाथरूमला जायचं तर बॅग कोणाकडे द्यायची? संध्याकाळी हॉटेलात एकटीने टेबल अडवून बसायचं म्हणजे बघायचं कुठे? म्हणून मागच्या आठवड्यात मुद्दाम एकटी जाऊन थाळी जेवून आले, मोबाईल पर्समध्ये ठेवून. वेटरने विचारलंच, अजून कोणी येणारे का मॅडम? नाही म्हटलं आणि चक्क दुसऱ्यांदा आमटी मागितली, आपल्याच शहरात, काय मोठा पराक्रम, पण बरं वाटलं.

ह्यू ते दा नांग ट्रेनने जायचंय, हाय व्हान घाटातून, दक्षिणेला जाताना समुद्र डावीकडे म्हणून डावी खिडकी पकडलीये. त्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर येतात, म्हणूनच मार्च.

सोमवारी डॉलर आणायचेत, कोऱ्या न दुमडलेल्या नोटा मागायच्या, मळक्या तिकडे नाकारतात. मग तिथे डोंग. एका रुपयाला साधारण 300, त्यामुळे मी एकदम कोट्यधीश. पण 20 हजाराची आणि 5 लाखाची, दोन्ही नोटा निळ्याच! त्या वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायला दोन कप्प्यांचं पाकीट लागेल, ताईकडे आहे, उद्या मागून घेते.