“जवळच आहे आणि फुकट आहे”: वाघोलीच्या लेबर कॅम्पवरून लसीकरण केंद्रापर्यंत

सरकारी लसीकरण केंद्र जवळच आहे आणि लस फुकट आहे, फोनवर हेच सांगितलं होतं. जवळ नाही आणि फुकटही पडत नाही. पुण्याच्या वाघोलीहून केसनंदच्या अंगाला जे टॉवर उभे राहतायत, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांमधून एखाद्या बाळाला लसीसाठी नेणार असाल तर आधी हे वाचा.

मी सोबत गेले त्या बाळाला नऊ महिने पूर्ण झालेले, गोवर-रुबेलाचा पहिला डोस बाकी. आई-वडील नांदेडकडचे, दोघंही साइटवर बिगारी.

कॅम्पच्या गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तुकडा सगळ्यात वाईट. एका बाजूला पत्र्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला खोदलेला चर, मधून डंपर आणि मिक्सर. मागून हॉर्न वाजला की सरायला जागाच नाही. सावली शून्य. सिंहगड चढणाऱ्यांना हे अंतर किरकोळ वाटेल, पण कडेवर बाळ आणि हाताला तीन वर्षांची पोर धरून चालून बघा. मोठीला ठेवणार कुणाकडे? ऊन चढायच्या आत निघा आणि एक मूल तुम्ही उचला.

पुढे रिक्षा. मीटर टाकायचं नाव नाही. कॅम्पचा पत्ता ऐकून 150 मागितले, घासाघीस करून 120. येताना पुन्हा तेच. हे पैसे बाळाच्या आईला देऊ देऊ नका. त्यांची त्या दिवसाची हजेरी आधीच बुडालेली असते.

केंद्रावर पोचलो तर सिस्टर म्हणाल्या, “मुलं कमी आहेत, आज गोवरची बाटली फोडत नाही. पुढच्या वेळी या.” कारण खरं आहे. एका बाटलीत बऱ्याच मुलांचे डोस असतात. ही लस पावडरच्या रूपात येते, द्रावणात कालवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. पण बाळाची आई एवढंच म्हणाली, “ताई, आजचा खाडा झाला. परत मुकादम सोडायचा नाही.” माझं मत ठाम आहे: उरलेले डोस वाया गेले तर जाऊ देत, दारात आलेलं मूल परत पाठवू नये. स्लॅब संपला की ते कुटुंब कुठल्या साइटवर जाईल कुणाला ठाऊक. आम्ही उठलोच नाही. तासाभरानं आणखी दोन मुलं आली, बाटली फुटली, बाळाला सुई टोचली. नंतरचा अर्धा तास तिथंच थांबायचं असतं, घाई करू नका.

मला राग याचा येतो की नदीपलीकडे मांजरी-हडपसरला 1966 साली सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट आहे, डोसांच्या संख्येनं जगातली सगळ्यात मोठी लस उत्पादक. गोवर-रुबेलाची लसही तिथं बनते. आणि कॅम्पसमोरच्या सोसायटीतल्या मुलांना तारखेची आठवण मोबाइलवर येते, खासगी दवाखाना संध्याकाळीही उघडा असतो. सरकारी सत्र भरतं ते नेमकं मजुरीच्या वेळेत. देशात पूर्ण लसीकरण झालेली मुलं 2015-16 ला 62 टक्के होती, 2019-21 ला 76 टक्के. आकडा वाढला याचा आनंद आहेच. पण 2022 मध्ये गोवर उसळला तो गोवंडी, भिवंडी, मालेगावच्या दाट वस्त्यांत, हे विसरू नका.

आता कामाचं. आदल्या दिवशी सिस्टरना किंवा आशाताईंना फोन करा आणि कॅम्पमधली राहिलेली सगळी मुलं एकदम न्या. बाटलीचा प्रश्न मिटतो, रिक्षाचं भाडंही वाटून जातं. एकट्या मुलाला घेऊन जाणं म्हणजे दिवस पणाला लावणं. माता-बाल संरक्षण कार्ड हरवलं असलं तरी निघा, प्रसूतीच्या दवाखान्याचा कागद असेल तर सोबत घ्या. राहिलेल्या डोसांसाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देतात. “आता उशीर झाला” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

याहून चांगलं म्हणजे आरोग्य केंद्राला सांगून सत्रच कॅम्पवर भरवा. सावलीची एक खोली, टेबल आणि मुलांची यादी पुरते. मुकादमाशी तुम्ही बोला, बाईंना बोलायला लावू नका. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो, तोवर कुटुंब दुसरीकडे गेलेलं असेल. म्हणून कार्डाचा फोटो आई-वडील दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि गावाकडे आजीलाही पाठवा.