शिळा पाऊस

"आलं का?" हे दोन शब्द मी माळवदावरून जितक्यांदा ओरडलोय तितक्यांदा जमिनीवरून नसेन. 1987-88 सालची गोष्ट. रविवारी सकाळी निम्मी गल्ली आमच्या ओसरीवर, आणि मी दहा वर्षांचा, वर, पांढऱ्या मातीवर अनवाणी, ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना खांबासकट मिठीत धरून. तोंड अंबाजोगाईकडं. आमचं गाव रेणापूर तालुक्यात, त्यामुळं योगेश्वरी आणि दूरदर्शनचा टॉवर अशा दोन्ही गोष्टींसाठी त्याच दिशेला हात जोडायचे. खालून उत्तरं ठरलेली. "मुंग्याच मुंग्या हायत." "आवाज आलाय, माणसं नाहीत." आणि शेवटी, "आलं, आलं! आता हात काढू नको!" हात काढला की चित्र जायचं. त्यामुळं ‘रामायण’ मी बघितलं कमी आणि धरून ठेवलं जास्त.

तो अँटेना वानरांनी कधीच मोडला. टॉवरचेही दिवस भरले. 2022 च्या मार्चपर्यंत मोक्याची पन्नासेक ठिकाणं सोडून देशभरातली जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं बंद करायचं प्रसार भारतीनं ठरवलं. आता माळवदावर छत्री आहे. डीडी फ्री डिशची, महिन्याचं भाडं नसलेली. ही सेवा 2004 च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा तिच्यावर 33 चॅनल होते. गावात ती कंपनीच्या छत्र्यांपेक्षा एक पायरी खालची समजतात. लग्नाच्या बोलणीत "छत्री कुठली हाय" असं कुणी विचारत नाही, पण बघून घेतात.

रेकॉर्डिंगची भानगड सुरू झाली ती म्हशीमुळं. सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम आणि धार काढायची वेळ एकच. म्हैस काही वेळापत्रक बदलणार नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, चरवी घेऊन गोठ्यात आणि तिकडं टीव्हीवर कुणीतरी तुरीवरच्या मर रोगाबद्दल अगदी हेच सांगतंय, जे अण्णांना हवं होतं. परत येईपर्यंत हवामान संपलेलं. पुतण्या त्यांना म्हणाला, "आबा, मोबाईलवर सगळं असतंय की." असतंय. पण आमच्याकडं मोबाईलला रेंज मारुतीच्या पारावर, आणि अण्णांनी शेतीचा कार्यक्रम पारावर बसून बघणं म्हणजे गावाला फुकटचा कार्यक्रम.

म्हणून मी एक जुना लॅपटॉप काढला. पडदा तडकलेला, पण बॅटरी दीड तास टिकणारी. हल्लीच्या हौशी लोकांना या कामासाठी रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या डावाएवढा कॉम्प्युटर आवडतो. असेल चांगला. पण जिथं लाईट दिवसातून चारदा जाते तिथं स्वतःची बॅटरी पोटात घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या लॅपटॉपसारखा सोबती नाही. त्यावर लिनक्स टाकलं, टीव्हीहेडएंड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, आणि यूएसबीला लागणारा सॅटेलाईट ट्यूनर मागवला. छत्रीची केबल सेट-टॉप बॉक्सऐवजी या ट्यूनरला लावायची; तो आलेलं प्रक्षेपण लॅपटॉपला देतो, लॅपटॉप ते साठवतो आणि घरातल्या वायफायवरून टीव्हीला, मोबाईलला वाटतो. यात इंटरनेट लागतच नाही, हे पुतण्याला पटायला दोन दिवस गेले. वायफाय म्हणजेच इंटरनेट, अशी त्याच्या पिढीची समजूत आहे. घरातल्या घरात पत्र द्यायला पोस्टात जावं लागत नाही, असं म्हटलं, तर म्हणाला, पत्र म्हणजे?

खरी अडचण भिंतींची. आमचा जुना वाडा आठ खणांचा, भिंती दगडमातीच्या, अडीच हात रुंद. वायफाय ओसरीवरून स्वयंपाकघरात जाईना. शेवटी माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या सान्यातून केबल आत सोडली आणि दुसरा राउटर मधल्या खोलीत टांगला. लॅपटॉप बसला देवळीत, जिथं पूर्वी कंदील असायचा. काजळीचा डाग अजून तिथं आहे, त्याच्या बरोबर खाली आता एक हिरवा दिवा लुकलुकतो.

छत्री नव्याने लावायला मीच चढलो. फ्री डिश ज्याच्यावरून येते तो जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर एका जागी उभा. आमच्या गावातून बघाल तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून 61 अंशांवर, म्हणजे बराच डोक्यावर येतो. छत्री तेवढी वर बघताना दिसत नाही, कारण तिचं डोकं, म्हणजे लहरी टिपणारा पुढचा भाग, मुद्दाम खालच्या अंगाला बसवलेलं असतं. ती बघते एकीकडं आणि तिची नजर असते दुसरीकडं. "आग्नेय म्हणजे स्वयंपाकघराची दिशा," अण्णा खालून म्हणाले. "टीव्हीचं तोंड तिकडं असल्यावर तुझ्या आईचं ध्यान भाकरीत कसं राहील?" पुतण्या लॅपटॉपसमोर बसला होता. मी सवयीनं ओरडलो, "आलं का?" खालून सिग्नलचे आकडे यायला लागले, "बेचाळीस... अठ्ठावन्न... काका, गेलं!... एकसष्ट... हात काढा आता!" हात काढला. एकसष्टच राहिले. मला उगीच थोडं वाईट वाटलं.

पहिल्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावलं आणि सकाळी मोठ्या थाटात अण्णांना टीव्हीसमोर बसवलं. कार्यक्रमाच्या जागी कुणीतरी बुवा संथ आलाप घेत होते. लॅपटॉपचं घड्याळ मी भारतीय वेळेवर आणलंच नव्हतं. ते ग्रीनिचची वेळ पाळत होतं, आणि ग्रीनिच आपल्या साडेपाच तास मागं. म्हणजे आमची संध्याकाळ त्यानं बरोबर मध्यरात्री पकडली होती. अण्णांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तूर यांनी बी लावली असंल, पण सांगाय तयार नाहीत."

नंतर बसलं सगळं. कार्यक्रम कधी वेळेआधी सुरू होतो, कधी लांबतो, म्हणून आधी पाच मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जादा लावून ठेवली. तासाला साधारण एक जीबी जागा जाते. पुतण्यानं ब्राउझरमध्येच बघायचा हट्ट धरला तेव्हा मात्र लॅपटॉपला प्रक्षेपण त्याच्यासाठी वेगळं दळून द्यावं लागलं आणि देवळीतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायला लागला. व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेअरवर तेच निमूट चालतं. आईसाठी एक जुना मोबाईल ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवला. भाकरी थापताना ती त्यावर जे चालू असेल ते ताजं बघते. रेकॉर्ड केलेलं बघत नाही. "कालचं आज कामून बघायचं?" तिनं विचारलं. "शिळी भाकरी ताकात कुस्करून खाता येती. शिळ्या बातम्या कशात कुस्करू?"

जुन्या अँटेनाच्या आणि छत्रीच्या स्वभावात एक फरक आहे. जुन्यात खराब का होईना, मुंग्यांतून माणूस ओळखू यायचा. डिजिटलला अर्धवट येणं जमत नाही. आधी चित्राचे चौकोन होतात, मग थांबतं, मग नाहीच. आणि छत्रीवर येणाऱ्या लहरी 11 गिगाहर्ट्झच्या आसपास, लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. मोठ्या थेंबांच्या पावसातून जाताना त्या तिथंच शोषल्या जातात, विखुरतात. त्यामुळं पाऊस आपल्या डोक्यावर यायच्या आधी, आग्नेयेच्या ढगात असतानाच टीव्हीला कळतो. हे आमच्या घरात मला शेवटी कळलं. आईला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. अवकाळीच्या दिवसात चित्राचे चौकोन झाले की ती काही न बोलता माळवदावर जाऊन कुरडया काढून आणायची, आणि आम्ही खाली केबल हलवत बसायचो.

गेल्या ऑक्टोबरात सोयाबीन काढून अंगणात वाळत घातलं होतं. शनिवारी संध्याकाळी अण्णा गोठ्यात, लॅपटॉप आपलं काम करतोय, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "चौकोन झाले रं! ताडपत्री टाका, पाऊस येऊलालाय!" पळापळ झाली. पुतण्यानं दगड आणले, मी टोकं धरली, अण्णा चरवी हातात घेऊनच आले. पाव तासात सर आली. रास वाचली.

रविवारी अकराला कडक ऊन पडलं होतं. ताडपत्री काढून सोयाबीन पुन्हा पसरलं आणि अण्णा कालचा कार्यक्रम बघायला बसले. कुणीतरी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेबद्दल सांगत होतं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला सांगणाऱ्याच्या तोंडाचे चौकोन झाले, आवाज तुटला. अण्णा ताडकन उठले. एक चप्पल पायात, एक हातात.

"ऊठा रे, ताडपत्री!"

मी आणि पुतण्या खरंच उठलो. अंगणात आलो तर ऊन डोळ्यांत खुपत होतं. आत टीव्हीवर त्या माणसाचं वाक्य अर्ध्यातच राहिलं होतं आणि कार्यक्रम सरळ कांद्याच्या भावावर उडी मारून पुढं चालला होता. पावसाची ती सात-आठ मिनिटं फाईलमध्ये नाहीतच.

"कालचा पाऊस हाय त्यो," आई आतून म्हणाली. तिनं भाकरी उलटल्याचा आवाज आला. "शिळा."

अण्णा काही बोलले नाहीत. हातातली चप्पल पायात घातली, आग्नेयेकडं एकदा नीट बघितलं, आणि ताडपत्रीचं एक टोक तरीही राशीवर ओढून ठेवलं.