तुम्ही विचारलंत म्हणून: तारे की बायो, स्कोप कशात?

दहावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. ‘मॅडम, मुलीला तारे आवडतात आणि बायोही आवडतं. अ‍ॅस्ट्रोफिजिक्स करू दे की बायोइंजिनिअरिंग? स्कोप कशात?’ दादरच्या फलाटावर, हळदीकुंकवात, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना हाच प्रश्न आला आहे. आता एकदाच लिहून ठेवते, पुढच्या जूनमध्ये हेच पाठवेन.

आधी गणित. अकरावीत ‘नीटच द्यायची आहे ना, मग गणित कशाला?’ म्हणून ते सोडून देतात आणि बारावीनंतर बायोमेडिकल इंजिनिअरिंगबद्दल विचारायला येतात. नावात बायो असलं तरी तो इंजिनिअरिंगचा प्रवेश आहे. सीईटी पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटातून दिली असेल तर तिथे काही होत नाही, जेईईला तर गणित लागतंच. दोन्ही वाटांपैकी एकीवरही जायचा विचार असेल, तर गणितासह चारही विषय ठेवा. जड जातं, मान्य.

ताऱ्यांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे गोंधळ नावापुरता आहे. बारावीनंतर लगेच ‘खगोलभौतिकी’ अशी पाटी शोधत बसू नका. पदवी भौतिकशास्त्रात घ्यायची, तारे नंतर येतात. मुंबईत कलिन्याच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानांच्या केंद्रात पाच वर्षांचा एकात्मिक एमएस्सी आहे. त्यासाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेलाही तीच चालते. पवईच्या आयआयटीत इंजिनिअरिंग फिजिक्स आहे आणि तिरुअनंतपुरमला आयआयएसटी ही अवकाश विज्ञानाची संस्था, दोन्हीकडे जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून. नाहीतर साधी बीएस्सी करून फेब्रुवारीतली जॅम (एमएस्सीच्या प्रवेशासाठी), किंवा कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची डिसेंबरमधली प्रवेश परीक्षा.

मग ‘तारे कधी?’ पहिली दोन वर्षं जवळजवळ नाहीच. यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम, सांख्यिकी भौतिकी. त्यानंतर दुर्बिणीला डोळा लावण्याआधी हातात पडते ती फिट्स फाइल, म्हणजे दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचं चित्र आकड्यांत साठवलेली फाइल. त्यातून बायस (कॅमेऱ्याचा मूळचाच आकडा) वजा करायचा, डार्क (अंधारातही साठणारा सिग्नल) वजा करायचा, फ्लॅटने (पिक्सेलापिक्सेलांतला फरक काढायला) भागायचं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पिक्सेलांची मोजणी 0 पासून, चित्र दाखवणाऱ्या डीएस9 या सॉफ्टवेअरमध्ये 1 पासून. शिवाय पायथनला आधी ओळ सांगायची, मग रकाना, म्हणजे x आणि y उलटे. हे विसरलात की भलत्याच ताऱ्याचं तेज मोजून होतं, आणि वाईट म्हणजे उत्तर अगदी शहाण्यासारखं दिसतं. वांगणीला रात्रभर आकाशदर्शनाला जरूर जा, पण ते प्रेम झालं. अभ्यासाचा डेटा ऑनलाइन मिळतो. 2015 साली अवकाशात गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहाचा डेटासुद्धा खुला आहे, आणि त्यावरची मुख्य क्ष-किरण उपकरणं टीआयएफआरच्या पुढाकाराने झाली आहेत. फोन करणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे माहीत नसतं.

आता बायो. इथे मी स्वतः लोकांना चुकीचं सांगितलं आहे.

वर्षानुवर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: ‘जीवशास्त्र आवडतं ना? मग घेऊ दे की बायोमेडिकल.’ असं ऐकून आलेली एक मुलगी तिसऱ्या वर्षाला ईसीजीचं सर्किट लावत होती. पेशीचं चित्र बघत बसावं अशी तिची आवड. दोन मनगटांना दोन इलेक्ट्रोड, उजव्या पायाला तिसरा. हृदयाचा सिग्नल जेमतेम 1 मिलिव्होल्ट, म्हणून हजारपट वाढवायचा. एडी620 या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढेल ते, एका रेझिस्टरवर ठरतो: 49.4 किलोओहमला त्या रेझिस्टरने भागा आणि 1 मिळवा. तिने 49.9 ओहम लावला, गेन आला 990 च्या आसपास. हिशोब चोख. स्क्रीनवर मात्र 3.8 व्होल्टवर सपाट रेघ.

तिने इलेक्ट्रोड बदलले. वायरी पिळून घेतल्या. घरच्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण नको म्हणून लॅपटॉपचा चार्जर काढला. अ‍ॅम्प्लिफायरची चिप बदलली, दुसरीही बदलली. तीन दिवस तीच रेघ. मी बाजूने जाता-येता बघत होते आणि मुद्दाम सांगत नव्हते. स्वतः शोधलं की लक्षात राहतं, असं माझं तेव्हाचं शास्त्र.

कारण इलेक्ट्रोडच्या जेलमध्ये होतं. त्वचा, जेल आणि चांदी-सिल्व्हर क्लोराइड यांच्या सीमेवर आयनांमुळे स्थिर व्होल्टेज तयार होतं, आणि दोन इलेक्ट्रोडचं कधीच नेमकं सारखं नसतं. फरक फक्त 10 मिलिव्होल्ट धरा. 990 ने गुणलं की जवळजवळ 10 व्होल्ट, आणि सर्किटला पुरवठा अधिक-उणे 5 चा. अ‍ॅम्प्लिफायर जाऊन त्याच्या 3.8 व्होल्टच्या छताला टेकतो, हृदय कुठेच दिसत नाही. उपाय म्हणजे पहिल्या टप्प्यात गेन फक्त 10, म्हणजे 5.49 किलोओहम. मग 1 मायक्रोफॅरड आणि 330 किलोओहमचा हाय-पास फिल्टर, साधारण अर्ध्या हर्ट्झवर, तो स्थिर भाग गाळून टाकतो. उरलेला शंभरपट गेन त्याच्या पुढे. फरक 300 मिलिव्होल्ट असला तरी दहापटीने 3 व्होल्टच होतात, मावतात.

तिसऱ्या संध्याकाळी हृदयाच्या ठोक्यातल्या पी, क्यूआरएस, टी या लहरी स्वच्छ उमटल्या. ती बघत राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, यात जीवशास्त्र कुठंय?’

मी काहीतरी हसून बोलले. पदवी तिने पूर्ण केली, पण त्या वाटेने पुढे गेली नाही. आता बँकेच्या परीक्षा देते. वडिलांचा फोन आला होता: ‘तुम्हीच म्हणाला होतात.’ म्हणाले होतेच.

त्यानंतर मी उलट टोकाला गेले. ‘बायोमेडिकल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, जीवशास्त्र विसरा,’ असं सगळ्यांना सांगत सुटले. तेही खरं नाही. पवईच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभागात पेशी आणि जैवसामग्रीवर काम करणारे लोक आहेत. बायोटेक्नॉलॉजीचं इंजिनिअरिंग घेतलंत तर फर्मेंटर (सूक्ष्मजीव वाढवायची टाकी), ऑक्सिजनचं प्रमाण, पीएच यांच्याशी गाठ. आणि त्या मुलीची सपाट रेघ जीवशास्त्रानेच पाडली होती: तिच्या कातडीवरचे आयन. तेव्हा तसं सांगितलं असतं तर काही बदललं असतं का? तिला पेशी हव्या होत्या, आयन नव्हे. कदाचित काहीच नाही.

आणि स्कोप. खगोलात पीएचडीनंतरच्या कायमच्या जागा मोजक्या, पण डेटा हाताळायला शिकलेली मुलं दुसरीकडे नोकरीला लागतात. बायोमेडिकलवाल्यांना बरेचदा रुग्णालयातली उपकरणं सांभाळायची आणि विकायची कामं मिळतात. ती वाईट नाहीत, पण मुलीने डोळ्यांसमोर आणलेलं ‘संशोधन’ ते नव्हे. मग काय करा? अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. पहिल्या वर्षाची सोडा, ते सगळीकडे सारखंच असतं. तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरच्या पेपरांची नावं मुलीला मोठ्याने वाचायला सांगा: सर्किट्स, सिग्नल्स अँड सिस्टिम्स, लाप्लास. त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघा, आणि मग मला फोन करा. निकालाच्या दिवशी मात्र नको.