पेरूला जाताय? आधी उंची लिहा, मग ठिकाणं

पेरूचा बेत आखताना बहुतेक जण माचू पिचूच्या, म्हणजे डोंगरावरच्या जुन्या इंका नगरीच्या, तिकिटापासून सुरुवात करतात. माझं म्हणणं आहे, त्याआधी एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक मुक्कामापुढे त्याची उंची लिहा. कुस्को ३,४०० मीटर. ओयान्तायताम्बो सुमारे २,८००. माचू पिचू २,४३०. तितिकाका सरोवर ३,८००. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे समुद्रकाठच्या लिमाहून निघालेलं विमान सव्वा-दीड तासात तुम्हाला दोन कळसूबाईंच्याही वर नेऊन उतरवतं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश एवढाच असतो. धडधाकट माणसालाही विमानतळाबाहेर बॅग ओढत नेताना धाप लागते.

आणि गंमत बघा, ज्या माचू पिचूसाठी आपण एवढ्या लांब जातो ते कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे. म्हणून क्रम असा लावावा: कुस्कोला उतरायचं, पण तिथे राहायचं नाही. टॅक्सी करून थेट उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे 'पवित्र खोऱ्यात' उतरायचं. तिथे दोन रात्री, मग माचू पिचू, मग कुस्को आणि सगळ्यात शेवटी तितिकाका. माझ्यासोबत आई होती, वय सत्तरीच्या आसपास. या क्रमाने गेल्यामुळे तिने कुस्कोचे चढ-उतारही आरामात पार केले. सहलवाले दुसऱ्याच दिवशी इंद्रधनुषी डोंगर, म्हणजे विनिकुंका, दाखवायला नेतात. तो ५,००० मीटरच्या वर आहे. अंग रुळायच्या आत तिथे मुळीच जाऊ नका. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांनाच विचारा आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. पहिल्या दिवशी कमी जेवायचं, पाणी भरपूर प्यायचं. हॉटेलात शिरताच कोकाची वाळलेली पानं आणि गरम पाणी ठेवलेलं दिसेल. तिथे हा चहा कायदेशीर आहे, घरोघरी पितात. चव गवती, किंचित कडवट. मात्र ती पानं किंवा चहाच्या पुड्या भारतात आणायच्या नाहीत, इथे त्यावर बंदी आहे.

याच खोऱ्यातल्या ओयान्तायताम्बोला लोक फक्त माचू पिचूची गाडी पकडायला येतात, याचं मला फार वाईट वाटतं. स्पॅनिश लोक येण्याआधीच्या इंका राजवटीतली गल्लीरचना तिथे अजून नांदती आहे. अरुंद दगडी बोळ, कडेने दगडी पन्हाळीतून खळखळणारं डोंगराचं पाणी आणि त्याच जुन्या भिंतींच्या आत आजही चुली पेटतात. वरच्या सूर्यमंदिरात सहा अजस्र शिळा उभ्या आहेत. त्या ज्या खाणीतून आणल्या ती नदीपलीकडच्या डोंगरावर आहे. आई त्या डोंगराकडे बघून म्हणाली, "अरे, नदी ओलांडून आणलेत हे?" सकाळी लवकर चढा, गर्दी नसते.

माचू पिचूला मोटारीचा थेट रस्ता नाही. ओयान्तायताम्बोहून रेल्वेने आग्वास काल्येन्तेस या पायथ्याच्या गावी जायचं, तिथून बस वर नेते. रेल्वेत मोठ्या बॅगा चालत नाहीत, त्या हॉटेलात ठेवून जा. प्रवेशाचं तिकीट ठरावीक वेळेचं आणि ठरावीक मार्गाचं असतं. फोटोंमध्ये दिसतं ते वरून दिसणारं दृश्य हवं असेल तर पहिला किंवा दुसरा मार्ग घ्या, तिसरा खालून जातो. तिकिटावर पासपोर्टचा नंबर असतो, त्यामुळे मूळ पासपोर्ट जवळ हवाच. आणि ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: आत स्वच्छतागृह नाही, जे आहे ते दाराबाहेर. इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला जाणारी जुनी डोंगरवाट, पायी करायची असेल तर दिवसाला ५०० परवाने मिळतात आणि त्यात हमाल, वाटाडेही धरलेले असतात. महिनोन्‌महिने आधी नोंदवावं लागतं. फेब्रुवारीत ही वाट डागडुजीसाठी बंद असते.

हवामानाचं म्हणाल तर मे ते सप्टेंबर कोरडा काळ. दिवसा ऊन चटका देतं, जून-जुलैत रात्री पारा शून्याजवळ जातो. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी, म्हणजे सूर्याचा उत्सव. त्या आठवड्यात खोल्या मिळणं कठीण.

शाकाहारी माणसाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उपाशी राहत नाही, पण नेमकं बोलावं लागतं. 'मांस नको' म्हटलं तर कोंबडी येऊ शकते. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस नको, कोंबडी नको, मासे नको) असं तिन्ही सांगा आणि सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का तेही विचारा. किनुआचं सूप, टपोऱ्या दाण्यांचं मक्याचं कणीस आणि सोबत चीज, जांभळ्या मक्याचं चिचा मोरादा नावाचं सरबत, हे सगळं पोटभर मिळतं. कुकर आणि तांदूळ नेणाऱ्यांनी लक्षात घ्या, कुस्कोत पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, उघड्या भांड्यात भात कच्चाच राहतो.

कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात मात्र जायलाच हवं. फळांच्या रसाच्या टपऱ्या ओळीने, प्रत्येकीमागे पांढरा एप्रन घातलेली बाई. ग्लास रिकामा झाला की ती मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस न मागता पुन्हा ओतते. पलीकडे बटाट्यांचे ढीग: जांभळे, गाठीगाठींचे, बोटाएवढे. बटाट्याचं मूळ घर हेच डोंगर. साबुदाण्याचा कंद आणि शेंगदाणाही याच खंडातले. आपली उपवासाची खिचडी बहुतांशी इकडूनच आली, हे आईला सांगितलं तेव्हा ती त्या ढिगापाशी बराच वेळ थांबली.

आता कागदपत्रं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) किमान सहा महिने वैध व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या दूतावासाकडे अर्ज करावा लागतो. थेट विमान नाही, आणि अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटलेली कोणी घेत नाही. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. पेरू त्या रोगाच्या यादीत असल्यामुळे परतताना भारतीय विमानतळावर दाखला मागतात आणि तो नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. दाखल्याचं ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवा, चेक-इन बॅगेत नको.